शेंदूर फासलेली वीज

इन्व्हर्टरखालच्या काळ्या डब्याची, म्हणजे शिशाच्या बॅटरीची, कुळकथा १८५९ साली सुरू होते. गास्तों प्लान्ते या पंचविशीतल्या फ्रेंच पदार्थवैज्ञानिकाने शिशाचे दोन लांब पत्रे घेतले, ते एकमेकांना टेकू नयेत म्हणून मध्ये पट्ट्या घातल्या, दोन्हींची मिळून गुंडाळी केली आणि ती पातळ गंधकाम्लात बुडवली. वीज सोडल्यावर एका पत्र्यावर तपकिरी थर चढला. पुरवठा काढून घेतल्यावर तीच वीज उलटी वाहू लागली. व्होल्टापासूनचे विद्युतघट आपल्यातलं जस्त संपवून वीज देत, आणि जस्त संपलं की घट संपला. प्लान्तेचा घट रिकामा झाल्यावर पुन्हा भरता येत होता.

पण भरायचा कशाने? वीज निर्माण करणारं यंत्र, ग्राम या संशोधकाचा डायनॅमो, यायला अजून बारा वर्षं होती. प्लान्तेला आपला घट त्या जुन्या, जस्त खाणाऱ्या घटांवरच चार्ज करावा लागे. शिवाय नवा पत्रा फारच थोडी वीज धरी. तो पुन्हा पुन्हा भरायचा, रिकामा करायचा. असं महिनोन्महिने केल्यावर त्याचा पृष्ठभाग सच्छिद्र होऊन कामाचा होई. प्लान्तेकडे चिकाटी होती.

महिन्यांचं काम थोडक्यावर आणलं कामीय फोर या फ्रेंच संशोधकाने. १८८०च्या सुमाराला त्याने शिशाच्या पत्र्यावर शिशाच्या लाल ऑक्साइडचा लेप दिला. हे लाल ऑक्साइड म्हणजे शेंदूर. मारुतीला, म्हसोबाला आपण पिढ्यान्‌पिढ्या जो लावत आलो, तोच. लेपातला प्रत्येक कण रासायनिक क्रियेत भाग घेतो, त्यामुळे घटाची धारणाशक्ती एकदम वाढली. मे १८८१ मध्ये असे भरलेले घट एका पेटीत घालून पॅरिसहून ग्लासगोला विल्यम थॉमसनकडे पाठवण्यात आले. पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्ध झालेला हाच शास्त्रज्ञ. पेटीतली ऊर्जा दहा लाख फूट-पौंड असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं, म्हणजे आजच्या हिशेबाने एका युनिटच्या तिसऱ्या हिश्शाहून किंचित जास्त. तारेशिवाय वीज एका देशातून दुसऱ्या देशात गेली, याचं लोकांना केवढं अप्रूप वाटलं असेल! लवकरच सपाट पत्र्याच्या जागी शिशाची जाळी आली आणि लेप तिच्या घरांत दाबून भरला जाऊ लागला. जाळीत लेप, लेपाभोवती ॲसिड: आजची बॅटरीही मुळात एवढीच आहे.

वारा आणि बॅटरी यांची गाठही तेव्हाच पडली. १८८७ साली स्कॉटलंडमधल्या मेरीकर्क गावी प्राध्यापक जेम्स ब्लाइथ यांनी घराजवळ पवनचक्की उभारली, तिच्यावर फोरचे घट भरले आणि घरात दिवे लावले. उरलेली वीज गावच्या रस्त्याला देऊ केली, तर गावकऱ्यांनी ही सैतानाची करणी म्हणून नाकारली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत क्लीव्हलंडला संशोधक चार्ल्स ब्रश यांनी १४४ पात्यांची प्रचंड पवनचक्की बांधली आणि तळघरात ४०८ घट मांडले. वारा आपल्या सवडीने वाहतो आणि दिवा आपल्याला हवा तेव्हा लागतो. मधलं अंतर कोणीतरी भरून काढायला हवं, हे या दोघांना नेमकं उमगलं होतं. पुढे मोटारीच्या स्टार्टरमुळे हा डबा जगभर पसरला.

पण फोरच्या युक्तीत एक उणीव होती. बॅटरी उतरताना लेपाचं लेड सल्फेट होतं आणि तो फुगतो, भरताना आकसतो. या फुगण्या-आकसण्यात कण सुटून तळाशी बसतात. बॅटरी तशीच उतरलेली ठेवली तर सल्फेट कडक होऊन बसतं. प्लान्तेच्या भरीव पत्र्यांच्या बॅटऱ्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वीस वर्षं आणि त्याहून जास्त टिकत. घरगुती बॅटरी काही वर्षांत ‘बसते’. कमी वजनात जास्त वीज मिळवली, पण आयुष्य देऊन. आणि हा लेप वाळला की त्याची भुकटी होते, विषारी भुकटी.

बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं असतं आणि ते कितीही वेळा वितळवलं तरी वापरता येतं. म्हणून बसलेली बॅटरीही कोणी फेकत नाही, भंगारवाला रोख पैसे मोजतो. शिशाच्या पुनर्वापराची टक्केवारी अभिमानाने सांगितली जाते ती यामुळेच. मला तो अभिमान अर्धवट वाटतो. चांगल्या कारखान्यात बॅटरी बंदिस्त यंत्रात फोडली जाते, ॲसिड निष्प्रभ केलं जातं, भट्टीचा धूर गाळला जातो. या सगळ्याला खर्च येतो. उघड्यावर कुऱ्हाडीने बॅटरी फोडून ॲसिड मातीत ओतणाऱ्याला यातला कुठलाच खर्च नाही, म्हणून तो भंगाराला चढा भाव देऊ शकतो. सेनेगलमध्ये डाकारजवळच्या थियारॉय-सुर-मेर वस्तीत अशाच कामातून शिशाची माती पसरली. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात तिथे अठरा मुलं दगावली. लहान मुलं जमिनीवर खेळतात आणि हात तोंडात घालतात. शिसं त्यांच्या वाढत्या मेंदूवर घाला घालतं आणि ते नुकसान भरून येत नाही.

बांगलादेशात २००३ पासून चाळीस लाखांहून अधिक घरांवर छोटे सौर संच बसले. रॉकेलचे दिवे गेले, हे मोठंच काम झालं. पण जवळपास प्रत्येक संचासोबत शिशाची एक बॅटरी त्या घरात आली, आणि काही वर्षांनी ती बाहेरही पडणार होती.

आता लिथियम येतंय. वजनाला हलकं, जास्त टिकणारं. पण सौर साठवणीत वाढत्या प्रमाणात वापरल्या जाणाऱ्या लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरीत कोबाल्ट नाही, निकेल नाही. त्यामुळे भंगारात तिला शिशासारखा भाव येत नाही. शिसं चुकीच्या हातात जातं कारण ते महाग आहे, आणि ही बॅटरी स्वस्त म्हणून कोणी उचलायलाच न येण्याचा धोका आहे. आपल्याकडे २००१च्या नियमांनी विक्रेत्याला शिशाची जुनी बॅटरी परत घ्यायला लावलं, २०२२च्या नियमांनी सर्व प्रकारच्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकावर टाकली. दिशा बरोबर आहे. मात्र नवी बॅटरी घेताना दुकानदार जुनीचे पैसे वजा करून देतो, त्या बिलावर जुनी बॅटरी कुठल्या परवानाधारक भट्टीत जाणार तिचं नावही छापलेलं हवं, आणि ते नाव वाचून विचारणा करण्याचा हक्क गिऱ्हाइकाला हवा.