कारंज्याच्या वेशीत, १८६४

जानेवारी १८६४. तुम्ही वऱ्हाडातल्या कारंज्याच्या दारव्हा वेशीत उभे आहात. कापसाच्या गाड्या खोळंबल्या आहेत, बैल कडब्याला तोंड लावून उभे आहेत. कारंजा आज ज्यात आहे, तो आजचा वाशीम जिल्हा व्हायला १९९८ उजाडायचं आहे. वऱ्हाड १८५३ पासून नावाला निजामाचं, कारभाराला इंग्रजांचं. रेल्वे अजून इथवर आलेली नाही.

"काय भाव लागला, दादा?" तुम्ही गाडीवानाला विचारता.

"इचारूच नका. चार सालाआंधी भेटे त्याच्या कैक पट भेटून रायलं. पाण्यापल्याड लढाई चालू हाय म्हंते शेटजी."

त्या लढाईची हकीकत तुम्हाला ठाऊक आहे. एप्रिल १८६१मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा सुमारे ८० टक्के कापूस तिथून यायचा. तो आटला, आणि मँचेस्टरला वऱ्हाड आठवलं.

चला, शिवारात जाऊ. वेचणी चालू आहे. वाळल्या बोंडाचं टोक बाईच्या नखाखाली घुसतं. ती बोट तोंडात घालते, ओटी सावरते, पुढच्या झाडाला हात घालते. मजुरी तुटपुंजी, पण संध्याकाळी ती आपल्या घरी जाईल. मिसिसिपीच्या काठी असंच बोंड वेचणारी बाई स्वतःच बाजारात विकली जाते. असे सुमारे ४० लाख जीव. १ जानेवारी १८६३ला अध्यक्ष लिंकन यांनी बंडखोर राज्यांतल्या गुलामांना मुक्त जाहीर केलं आहे, पण लढाई सरलेली नाही.

आता १८६५. एप्रिलमध्ये दक्षिणेचे जनरल ली शरण येतात. डिसेंबरात गुलामगिरी घटनेनेच बंद होते. तिकडे बेड्या गळतात, इकडे भाव कोसळतो. १ जुलैला मुंबईत कापसाच्या पैशावर फुगलेले शेअरवाले बुडतात. वेशीत तोच गाडीवान भेटतो. बैलजोडी नवी आहे. तिच्या कर्जाचा हिशेब मात्र गेल्या सालच्या भावावर मांडलेला.

शेटजींनी त्या लढाईत भाव पाहिला. पुण्यात जोतीराव फुल्यांनी माणूस पाहिला. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' छापली आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना ती अर्पण केली. त्याच वर्षी सत्यशोधक समाज उभा राहिला.

अमेरिकेची घडी पुन्हा बसवताना मुक्त झालेल्यांतल्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला, जमीन बहुतेकांना नाही. ते बटईने कापूस पिकवू लागले, बी-बियाण्यापासून मिठापर्यंत दुकानदाराच्या उधारीवर. १८७७मध्ये संघराज्याच्या फौजा दक्षिणेतून निघाल्या आणि मताचा हक्कही हळूहळू हिरावला गेला. उधारीची ती वही कारंज्याच्या गाडीवानाला दाखवली असती, तर त्याला ती समजावून सांगावी लागली नसती.

आता आजच्या काळात परत या. बाजार समितीच्या आवारात कापसाचा भाव विचाराल, तेव्हा वेचणीला किलोमागे काय देतात, तेही विचारा.