सरकार मळ्याचा धनी नव्हे



वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर बारीक टायपात निविदांच्या जाहिराती येतात. त्यांच्या शेवटी बहुधा एक ओळ असते: कोणतीही निविदा कारण न देता नाकारण्याचा अधिकार राखून ठेवला आहे. तुम्ही आम्ही ती वाचून पान उलटतो. परंतु ज्याने अनामत भरली, भावाचा हिशेब मांडला, ज्याची निविदा मंजूरही झाली आणि मग एके दिवशी ज्याच्या हाती ठेका रद्द झाल्याचे पत्र पडले, त्याला त्या ओळीचे वजन विचारावे. ही मोकळीक कोठवर चालते, याविषयी न्यायालयांत झालेल्या वादांचा इतिहास आज थोडक्यात सांगावयाचा आहे.

या विचाराचे मूळ इंग्रजी कायद्यात आहे. 1870 साली इंग्लंडातील एका खटल्यात प्रश्न असा होता की, माल एकगठ्ठा विकण्यासाठी पत्रक काढून भाव मागवले, तर सर्वांत चढा भाव देणाऱ्यास तो माल दिलाच पाहिजे काय? न्यायालयाने सांगितले, भाव मागवणे म्हणजे विकण्याचे वचन देणे नव्हे. व्यापाऱ्यापुरता हा न्याय रास्तच होता. माल त्याचा, तोटाही त्याचाच.

आपल्याकडे हाच न्याय सरकारला लावला गेला. केरळात कण्णूर येथील सरकारी रुग्णालयास दूध पुरवण्याचा ठेका एका पुरवठादारास मिळाला होता. पुढे हे काम सहकारी दूध संघासच द्यावे असे सरकारी धोरण असल्यामुळे, निविदेतील शर्तीप्रमाणे सूचना देऊन तो रद्द करण्यात आला. पुरवठादार समतेचा हक्क सांगत थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि हरला. 1959 च्या निवाडासंग्रहात हा निर्णय आहे. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी लिहिले की, खाजगी व्यक्तीप्रमाणे सरकारलाही आपल्या पसंतीचा माणूस निवडण्याची मोकळीक आहे.

संत मत्तयाच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला आहे. दिवसाच्या अखेरीस आलेल्या मजुरालाही तो पूर्ण मजुरी देतो, आणि कुरकुर करणाऱ्यांना ठणकावतो की माझे धन मी माझ्या मनाप्रमाणे देईन. त्याचे म्हणणे खरेच होते, कारण थैली त्याची होती. शिवाय ठरलेली मजुरी त्याने कोणाचीही बुडवली नव्हती. पण सरकारची थैली कोणाची? पुढचा सारा वाद याच प्रश्नाभोवती फिरला.

1969 साली ओरिसातील तेंदूच्या पानांचे प्रकरण आले. सरकारने 1968 च्या हंगामासाठी केवळ जुन्याच ठेकेदारांकडून देकार मागवले होते. इतरांना दार बंद करणारी ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर 1979 साली मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरील उपाहारगृहाचा वाद निघाला. जाहिरातीत दुसऱ्या दर्जाच्या नोंदणीकृत हॉटेलचालकाचा किमान 5 वर्षांचा अनुभव मागितला होता. ठेका मात्र ती अट न पुरवणाऱ्यास मिळाला. न्यायमूर्ती भगवती यांनी निक्षून सांगितले की, सरकार खाजगी व्यक्तीप्रमाणे वागू शकत नाही. जी कसोटी त्याने स्वतः जाहीर केली, ती त्यालाही बांधते. गंमत अशी की, दाद मागणाऱ्याच्या पदरी काहीच पडले नाही. त्याने स्वतः निविदा भरली नव्हती, तो विलंबाने आला होता, आणि तोवर ठेकेदाराने पैसा खर्च केला होता. वादी हरला, पण तत्त्व जिंकले.

मग प्रत्येक नाराज ठेकेदाराने न्यायालय गाठावे काय? 1994 साली चार महानगरांतील मोबाइल दूरध्वनीच्या परवान्यांच्या प्रकरणात न्यायमूर्ती मोहन यांनी लगाम घातला. न्यायाधीश हा अपिलात बसलेला तज्ज्ञ नव्हे. निर्णय कोणता, यापेक्षा तो कसा घेतला, एवढेच त्याने पाहावे.

ही कसोटी 2024 साली कोलकात्याच्या प्रकरणात उपयोगी पडली. दोन भुयारी मार्गांच्या देखभालीचा मंजूर ठेका तेथील विकास प्राधिकरणाने निविदेत तांत्रिक दोष असल्याचे सांगून रद्द केला होता. उच्च न्यायालयाने ठेकेदारास दाद दिली नाही. सर्वोच्च न्यायालयाने मात्र कागद तपासले, तेव्हा दोषाचे कारण टिकले नाही आणि संबंधित मंत्र्यांची इच्छाच खरे कारण असल्याचे दिसले. न्यायमूर्ती पारडीवाला यांनी लिहिलेल्या निवाड्याने ते रद्द करणेच रद्द झाले.

जाहिरातीतील ती ओळ आजही छापली जाते, आणि ती निरर्थक नाही. भाव अवाजवी असतील, निविदेत खरोखर चूक असेल, लोकहित बदलले असेल, तर सरकारने निविदा रद्द करावी; त्यात जनतेचाच पैसा वाचतो. ठेकेदाराला नफ्याची हमी कोणी दिलेली नाही. त्याला हमी आहे ती प्रामाणिक वागणुकीची. तो जाहिरातीवर विश्वासून भाव भरतो. तो विश्वास उडाला, की सचोटीचे लोक निविदा भरणे सोडतात, उरतात ते वशिल्याचे. आणि मग रुग्णालयातील दुधाचा भाव व कस दोन्ही तेच ठरवतात. थैली आपली आहे, म्हणून ती उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या हाताला कारण विचारण्याचा अधिकारही आपलाच आहे.