मेंढवाड्यांतून दिवाणखान्यांत

स्कॉटलंडच्या कुरणांत मेंढ्या वळणारें कॉली कुत्रें प्रतिष्ठित घरांत शिरलें तें मुख्यत्वें व्हिक्टोरिया राणीमुळें. राजघराण्यानें १८५२ सालीं बाल्मोरल विकत घेतलें. त्या मुलखांतील हीं कुत्रीं राणीच्या मनांत भरलीं. शार्प व नोबल हीं तिचीं लाडकीं. मग श्रीमंतांस लांब केसांचा, निमुळत्या मुखाचा मोह पडला. १९४३ च्या 'लॅसी' चित्रपटानें तो मध्यमवर्गांतही पसरला. कळपामागें दिवसभर धांवण्याची उपजत ओढ मात्र कोणी ध्यानांत घेतली नाहीं. घरांत कोंडलेलें कॉली मुलांनाच मेंढरें समजून घेरतें, टांचांस तोंड लावतें, भुंकून शेजार जागवितें. लोक हिला खोड म्हणतात. आम्ही बेकारी म्हणूं. शिवाय तें दाट, दुहेरी केसांचें आवरण वरचेवर विंचरावें लागतें, तें वेगळेंच.