एका कमानीमागचे विद्यालय

जुन्या गोव्याच्या यात्रेला आपण सहकुटुंब जातो, बॉम जेझूस मंदिरात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांपुढे गुडघे टेकतो आणि परततो. तेथून थोड्याच अंतरावर, फोंड्याच्या रस्त्याकडेला, एक एकाकी कमान उभी आहे. ज्या संत पौल महाविद्यालयात संत फ्रान्सिस वास्तव्य करीत, त्याची एवढीच खूण उरली आहे.

१५४१ मध्ये स्थापन झालेले हे विद्यालय पुढे येशूसंघाकडे आले. भारत, मलाक्का, आफ्रिका येथील मुले तेथे एकत्र शिकत. जपानचा अंजिरोही १५४८ मध्ये येथलाच विद्यार्थी होता. १५५६ मध्ये ॲबिसिनियासाठी निघालेला छापखाना गोव्यातच राहिला आणि भारतातील मुद्रणाचा आरंभ या महाविद्यालयात झाला.

पुढे रोगाच्या साथींनी हा परिसर ओस पडला. १७५९ मध्ये येशूसंघीयांना हद्दपार करण्यात आले. १८३० च्या सुमारास इमारत पाडून तिचे दगड पणजीच्या बांधकामासाठी नेले. मागे राहिली ती जांभ्या व काळ्या दगडातील कमान, बाजूचे कॉरिंथियन स्तंभ, वर कोनाडा आणि क्रूस.

पुढच्या यात्रेत मुलांसह येथे क्षणभर थांबावे, अशी आमची वाचकांना विनंती आहे. येथे एक शाळा होती, हे त्यांना आपणच सांगायला हवे.