एंड टास्क आणि पाच सेकंदांची घाई

परवा लॅपटॉप गोठला आणि हात आपोआप कंट्रोल-आल्ट-डिलीटवर गेला. म्हटलं, चला, या वीकएंडला यावरच लिहू.

माझी या त्रिकुटाशी ओळख धुळ्यात झाली, २००९ साली. बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत ताई इंजिनिअरिंग प्रवेशाचा फॉर्म भरत होती, मी शेजारी स्टुलावर. शेवटची तारीख. चारला लोडशेडिंग. ताईने सबमिट दाबलं आणि विंडो पांढरीफटक पडली. कॅफेवाले दादा आले, टास्क मॅनेजर उघडला, 'नॉट रिस्पाँडिंग' वाचलं आणि एंड टास्क! "बठ्ठं गयं," एवढंच ताई म्हणाली. पुन्हा भरेपर्यंत चार वाजले. त्या वर्षी तिने धुळ्यातच बी.एस्सी.ला प्रवेश घेतला.

असो. आता थोडा इतिहास.

१९८१ मध्ये आयबीएमचा पहिला पीसी आला. तो तयार होत असताना मशीन सारखं अडकायचं, आणि दरवेळी वीज बंद-चालू करण्यात वेळ जायचा. डेव्हिड ब्रॅडली या इंजिनिअरने कीबोर्डवरूनच रीस्टार्टची सोय केली. आधी डिलीटच्या जागी एस्केप होतं, पण ते डाव्या हाताने चुकून दाबलं जायचं. म्हणून तिसरं बटण पार दुसऱ्या टोकाचं घेतलं. म्हणजे ही बटणं मुद्दाम अवघड ठेवली होती! आणि ती होती टीमपुरती, आपल्यासाठी नाहीच.

तेव्हा अख्खं मशीनच रीस्टार्ट व्हायचं. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये त्याच बटणांनी फक्त अडकलेला प्रोग्राम बंद करता येऊ लागला. पण तेव्हा प्रोग्राम्स आपणहून एकमेकांना पाळी द्यायचे. एसटीच्या तिकीट खिडकीशी एकच माणूस अडून बसला की रांग ठप्प, तसा प्रकार. विंडोज ९५ ने पाळी स्वतःच्या ताब्यात घेतली. आणि १९९६ मध्ये विंडोज एनटी ४.० बरोबर टास्क मॅनेजर आला. तो डेव्ह प्लमर या मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरने घरी, स्वतःच्या वेळात लिहिला होता.

ही सोय किती मोलाची, ते व्हायरस लिहिणाऱ्यांना आपल्याआधी कळलं. पेन ड्राइव्हवरून फिरणारे कितीतरी व्हायरस आधी टास्क मॅनेजरच बंद करायचे. मेसेज यायचा, 'तुमच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने हे बंद केलं आहे'. आमच्या कॅफेत अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणजे दादाच, आणि ते डोकं धरून बसलेले! :-) अशा वेळी अँटीव्हायरसची सीडी शोधायची. आपल्याकडचं क्विक हील पुण्याच्या काटकर बंधूंचं. कैलास कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, धाकटे संजय कॉम्प्युटर शिकले आणि त्यांनी व्हायरस काढणारे प्रोग्राम लिहिले. नको तो प्रोग्राम हाकलण्याचा हक्क परत मिळवण्यातूनच एक कंपनी उभी राहिली.

पुढे मी इंजिनिअरिंगला जळगावात आलो आणि लॅबमध्ये युनिक्सची 'किल' कमांड भेटली. नाव खुनशी, पण मुळात ती नुसता निरोप देते. १५ नंबरचा निरोप म्हणजे 'आवरा आणि निघा'. प्रोग्राम फाइली मिटून, हिशेब पुरा करून जातो. ९ नंबर मात्र प्रोग्रामपर्यंत पोचतच नाही. कर्नल त्याला थेट उचलून बाहेर टाकतो, काम अर्धवट राहिलं तरी. म्हणून आधी १५, मग थोडं थांबायचं, आणि अगदीच नाइलाज झाला तर ९.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट वाचली. विंडोने पाच सेकंद उत्तर दिलं नाही की विंडोज तिला 'नॉट रिस्पाँडिंग' म्हणतं. बस, एवढाच त्याचा अर्थ. प्रोग्राम मेलाय असं नाही. कदाचित तो कामातच असेल.

म्हणजे ताईचा फॉर्म तेव्हा जात असेलही. किंवा नसेल. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. पण सर्व्हरवर ९ टाइप करताना माझा हात आजही क्षणभर थांबतो.