सयामांतील परस्थ व त्यांचे परवाने

एकोणिसाव्या शतकांत बँकॉकच्या धक्क्यावर उतरलेल्या चिनी मजुराला सरकारी कराची पावती हातांत मिळत नसे. ती त्याच्या हातास बांधली जाई. दर तीन वर्षांनीं सुमारें सव्वाचार बाट भरावयाचे, अंमलदारानें मनगटाभोंवतीं दोरा गुंडाळावयाचा आणि गांठीवर लाखेची मोहर उठवावयाची, अशी ती रीत होती. कोणीं हटकलें तर हात पुढें करावा. मोहर हाच दाखला. ज्याला हें लाजिरवाणें वाटे आणि ज्याच्या कनवटीला पैसे असत, त्याला कांहीं अधिक रक्कम देऊन कागदी दाखला घेतां येई. परक्या मुलुखांतील अब्रूलाही अशा रीतीनें दर ठरलेला होता.

तथापि या दोऱ्याकडे केवळ अपमानाची खूण म्हणून पाहणें एकांगी होईल. त्या काळीं सयामी रयतेच्या मनगटावर तिच्या धन्याचें नांव गोंदलेलें असे, आणि वर्षांतील ठराविक दिवस तिला राजाची अथवा सरदाराची वेठ करावी लागे. चिनी माणूस या वेठींतून मुक्त होता. गोंदण जन्माचें, दोरा तीन वर्षांचा! कर फेडला कीं त्यानें वाटेल त्या प्रांतांत जावें, दुकान मांडावें, भाताची गिरणी घालावी. एतद्देशीयाला जी मोकळीक नव्हती, ती परक्याला पैसे मोजून मिळत होती. परक्याला आंत घ्यावें, त्याच्या श्रमाचा व पैशाचा उपयोग करून घ्यावा, पण तो परका आहे ही खूण पुसूं देऊं नये, हें सूत्र त्या देशाच्या धोरणांत तेव्हांपासून आढळतें.

गोऱ्यांचा प्रकार निराळा. १८५५ च्या एप्रिलांत हाँगकाँगचे गव्हर्नर सर जॉन बाऊरिंग यांनीं राजा मोंगकुट यांच्याशीं तह केला, आणि ब्रिटिश प्रजाजनांवर सयामी न्यायालयांची सत्ता चालेनाशी झाली. त्यांचा न्याय त्यांच्या कॉन्सलनें करावयाचा होता. पण त्या तहांतही मुक्कामाचे नियम होतेच. राहावयास येणाऱ्या प्रत्येक ब्रिटिश प्रजाजनानें कॉन्सलच्या कचेरींत नांव नोंदवावें. राजधानीच्या तटापासून चार मैलांच्या आंत, विशेष परवानगी नसेल तर, दहा वर्षें राहिल्याखेरीज जमीन विकत घेऊं नये. ठरलेल्या हद्दीपलीकडे जावयाचें असेल तर सयामी अधिकाऱ्यांचा परवाना घ्यावा. 'ब्रिटिश प्रजाजन' या शब्दांत हिंदी माणूसही येत असे. सुरतेकडील बोहरी कापडव्यापारी थोनबुरीस नदीकांठीं पेढ्या घालून बसले, ते याच छत्राखालीं. मायदेशीं जो साहेबाचा रयत, तोच बँकॉकांत साहेबाच्या नांवावर स्थानिक कायद्याच्या कक्षेबाहेर! हे हक्क पुढें तहामागून तह होऊन झिजत गेले आणि १९३७-३८ च्या सुमारास पूर्णपणें संपुष्टांत आले.

चिन्यांचा दोरा त्यापूर्वींच सुटला होता. राजा चुलालोंगकॉर्न यांच्या कारकीर्दीच्या अखेरीस तो कर बंद झाला व चिनी लोकांस सयामी प्रजेप्रमाणेंच दरसालची डोईपट्टी लागू झाली. समानता आली, पण ती करवाढीच्या रूपानें आली. १ जून १९१० रोजीं बँकॉकमधील चिनी दुकानें बंद झालीं. तीन दिवस बाजार ओस पडला, आणि आपल्या तोंडचा घांस किती परक्या हातांतून येतो हें राजधानीला प्रथमच कळलें. संप मोडला, डोईपट्टी राहिली.

१९२७ सालीं सयामनें परदेशस्थांच्या आगमनाचा पहिला कायदा केला. त्यांत पासपोर्टाबरोबरच प्रकृतीचा प्रश्न दाराशीं येऊन उभा राहिला: डोळ्यांची खुपरी किंवा दुसरा सांसर्गिक रोग असलेल्यास, देवी न काढलेल्यास, प्रवेश नाहीं. पुढच्या हकीकतीच्या दृष्टीनें हें कलम लक्षांत ठेवण्यासारखें आहे. १९३९ मध्यें देशाचें नांव 'थायलंड' झालें, महायुद्धानंतर तें कांहीं वर्षें पुन्हा 'सयाम' होऊन परत 'थायलंड' झालें. नांवें बदलत असतां दरवाजा मात्र एकाच दिशेनें सरकत होता. १९४७ मध्यें चिनी आगंतुकांची मर्यादा वर्षाला दहा हजार ठरली, ती १९५० मध्यें प्रत्येक देशामागें दोनशेंवर आली. परदेशस्थांची वार्षिक नोंदणी-फी १९५२ मध्यें वीस बाटांवरून एकदम चारशें करण्यांत आली. वीसपट फी पेढीवाल्याला जड गेली नसेल. हातावर पोट असणाराचें काय झालें असेल तें सहज समजण्यासारखें आहे. कायम वास्तव्याचा हक्क आजही दर राष्ट्रांतील वर्षाला शंभर माणसांपुरताच आहे.

ज्या कायद्याखालीं आजचा परस्थ तेथें राहतो, तो १९७९ चा. त्याच्या ३७ व्या कलमान्वयें तात्पुरत्या परवान्यावर राहणाऱ्या परकीयानें दर नव्वद दिवसांनीं आपला पत्ता कळवावयाचा असतो, आणि ३८ व्या कलमान्वयें त्याला आसरा देणाऱ्या घरमालकानें चोवीस तासांच्या आंत त्याची वर्दी द्यावयाची असते. हें दुसरें कलम बरींच वर्षें कागदावर निजलें होतें. २०१९ मध्यें त्याची कडक अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हां पंधरा-वीस वर्षांच्या संसारानंतर थाई गृहिणींना आपल्या घरांत आपला नवरा राहतो असें कचेरींत जाऊन लिहून द्यावें लागलें.

पण या कायद्याच्या पोटांत एक नवा पाहुणा वाढत होता. तो मजूर नव्हता, व्यापारीही नव्हता. तो इंग्लंड, अमेरिका, जर्मनी, ऑस्ट्रेलिया येथून नोकरी संपवून आलेला, पन्नाशी उलटलेला पेन्शनर होता. १९९७ च्या जुलैंत बाट कोसळला. डॉलरला पंचवीस बाट मिळत, ते सहा महिन्यांत पन्नासांवर गेले. परकीय चलनाला आसुसलेल्या देशाला हा पाहुणा हवाच होता, आणि पाहुण्यालाही चिआंग माइची हवा, हुआ हिनचा किनारा आणि स्वस्त घरभाडें हवें होतें. वर्षाच्या मुक्कामासाठीं त्यानें आठ लक्ष बाट बँकेंत ठेवावेत, किंवा दरमहा पासष्ट हजारांचें उत्पन्न दाखवावें, अशी अट ठरली. या ठिकाणीं एक गोष्ट नमूद केली पाहिजे, ती सरकारच्या भलेपणाची आहे. २१ ऑक्टोबर १९९८ पूर्वीं आलेल्या व सतत राहिलेल्या साठ वर्षांवरील निवृत्तांना जुन्या अटीवरच, म्हणजे दोन लक्षांच्या ठेवीवर किंवा वीस हजारांच्या मासिक उत्पन्नावर, राहूं देण्यांत आलें. नियम बदलला, पण जुन्या माणसाचा शब्द राखला गेला.

वीस वर्षांनीं नेमकी हीच गोष्ट राहिली नाहीं.

पहिला फटका वकिलातींकडून आला. पासष्ट हजारांच्या उत्पन्नाबद्दल आपापल्या वकिलातीचें पत्र दाखविण्याची वहिवाट होती. उत्पन्नाची खरी शहानिशा वकिलातीनें करावी अशी थाई अधिकाऱ्यांची अपेक्षा, आणि ती आम्हांला शक्य नाहीं असें वकिलातींचें उत्तर. या ओढाताणींत २०१८ च्या अखेरीस ब्रिटिशांनीं व २०१९ च्या आरंभीं अमेरिकनांनीं हीं पत्रें देणें बंद केलें. आतां दरमहाची रक्कम परदेशांतून थाई बँकेंत प्रत्यक्ष आलेली दाखविणें भाग पडलें. त्याच मार्चांत ठेवीचा नियमही आवळला गेला: आठ लक्ष बाट अर्जापूर्वीं दोन महिने व मंजुरीनंतर तीन महिने अढळ राहिले पाहिजेत, आणि उरलेल्या काळांत शिल्लक चार लक्षांखालीं जातां कामा नये. म्हणजे चार लक्ष बाट माणसाचे असून माणसाचे नव्हेत.

आणि ३१ ऑक्टोबर २०१९ पासून विम्याची अट आली. 'ओ-ए' नांवाच्या निवृत्तांच्या परवान्यावर येणारानें रुग्णालयांत राहून होणाऱ्या उपचारासाठीं किमान चार लक्ष बाटांचा व बाह्योपचारासाठीं चाळीस हजारांचा आरोग्यविमा उतरलाच पाहिजे असें ठरलें. आधीं आलेल्यांना हातांतील मुदत संपेपर्यंतच सवलत. मुदतवाढ मागण्यास गेलें कीं विम्याचा कागद पुढें ठेवावयाचा. नव्या अर्जदाराला स्वदेशींच्या कंपनीचा विमा चाले. मुदतवाढीसाठीं प्रारंभीं थाई कंपनीचाच लागे. निरनिराळ्या कचेऱ्यांनीं नियमाचा निरनिराळा अर्थ लावला, हें सांगावयास नकोच.

सरकारची बाजू अगदींच पोकळ नव्हती. २००२ पासून त्या देशानें आपल्या नागरिकांसाठीं सार्वत्रिक आरोग्ययोजना चालविली आहे. एका भेटीस तीस बाट घेणारी म्हणून ती प्रसिद्ध झाली. तिचा लाभ परकीयाला नाहीं. तरीही मोटारसायकलवरून पडलेला किंवा हृदयविकारानें कोसळलेला परदेशी सरकारी रुग्णालयाच्या दारीं आला, तर त्याला कोण परत पाठवील? उपचार होत, बिल मागें राहत असे. गरीब करदात्यानें परक्या पेन्शनराच्या शस्त्रक्रियेचा भार कां सोसावा, या प्रश्नाला उत्तर देणें कठीण आहे.

परंतु विमा हा अशा वस्तूंपैकीं आहे कीं जी गरज नसतां सुखानें मिळते आणि गरज पडली कीं दुकान बंद होतें. बहुतेक कंपन्या सत्तरी-पंचाहत्तरीनंतर नवा विमेदार घेत नाहींत. घेतलाच तर त्याचा आधींचा मधुमेह, आधींचें हृदय वगळून घेतात, आणि हप्ता दरवर्षीं चढत जातो. पंच्याहत्तर वर्षांचा माणूस त्या हृदयापलीकडे कशाचा विमा उतरणार? स्वदेशाचा आधार म्हणावा तर तोही पाठीमागें राहिलेला. अमेरिकेचें मेडिकेअर सामान्यतः परदेशांतील उपचारांचें पैसे देत नाहीं. ब्रिटनची मोफत आरोग्यसेवा रहिवाशासाठीं आहे, आणि थायलंडांत राहणाऱ्या ब्रिटिश पेन्शनराचें सरकारी पेन्शन ज्या आंकड्यावर प्रथम हातीं पडलें त्याच आंकड्यावर गोठून राहतें. २००७ च्या सुमारास एका पौंडाला पासष्ट-सत्तर बाट मिळत, ते २०१९ मध्यें चाळीसांच्या आसपास आले होते. जमीन परकीयाच्या नांवावर होत नाहीं. एखाद्या इमारतींतील एकूण जागेच्या शेंकडा ४९ इतकेच गाळे परकीयांना घेतां येतात. अनेकांनीं तर आयुष्याची पुंजी बायकोच्या नांवच्या घरांत घातलेली. असा माणूस पंधरा वर्षांनीं कोणत्या गांवीं परत जाणार?

कांहींनीं सरकारला विचारलें, आणि हा प्रश्न खरोखर विचारण्याजोगा होता: आठ लक्ष बाट तुमच्याच बँकेंत अडकवून ठेवले आहेत, मग आजारपणीं त्यांवरच बोजा कां ठेवीत नाहीं? याला तेव्हां समाधानकारक उत्तर मिळालें नाहीं. मग लोकांनीं वाट शोधली. विम्याची अट 'ओ-ए' परवान्यास होती. साध्या 'ओ' परवान्यावर निवृत्त म्हणून मुदतवाढ घेणाऱ्यास ती नव्हती. दोघांचें वय तेंच, ठेव तीच, राहण्याचें कारण तेंच. परवान्यावरील एका अक्षरावर सारा भेद. तेव्हां कित्येक म्हातारे मुदत संपूं देऊन सीमेपलीकडे गेले आणि दुसऱ्या अक्षराचा परवाना घेऊन त्याच घरीं परत आले. कायद्याचा उद्देश रुग्णालयांची बुडीत थांबविण्याचा असेल, तर अशा प्रवासांनीं ती किती थांबली हा प्रश्नच आहे.

त्यानंतर करोनाची सांथ आली आणि कांहीं काळ प्रत्येक परकीय प्रवाशालाच विम्याची सक्ती झाली. ती हळूहळू सैल होत जुलै २०२२ मध्यें उठली. निवृत्तांची मात्र उठली नाहीं, उलट वाढली. २०२१ च्या ऑक्टोबरपासून नव्या 'ओ-ए' अर्जदारास तीस लक्ष बाटांचा, म्हणजे सुमारें एक लक्ष डॉलरांचा, विमा आवश्यक झाला, व पुढें मुदतवाढीलाही हाच आंकडा लागला. जुन्या आंकड्याच्या हा साडेसातपट. त्यांत एक खिडकी तेवढी उघडी ठेवली होती: वयामुळें वा प्रकृतीमुळें कंपनीनें नाकारलें असेल तर तो नकार कागदावर आणावा, आणि तितक्या रकमेची ठेव किंवा इतर मत्ता दाखवावी. ज्याच्याजवळ तीस लक्ष बाट रोख आहेत, त्याची विम्यावांचून अडचण ती काय होणार? मनगटावरील दोरा टाळून कागदी दाखला विकत घेणाऱ्या जुन्या चिनी व्यापाऱ्याची येथें आठवण होते.

श्रीमंतांसाठीं तर १ सप्टेंबर २०२२ पासून स्वतंत्रच दार उघडलें. वार्षिक ऐंशी हजार डॉलर उत्पन्नाच्या निवृत्तास दहा वर्षांचा परवाना मिळूं लागला. त्याला पन्नास हजार डॉलरांचा विमा पुरतो, आणि तो नसल्यास एक लक्ष डॉलर बँकेंत ठेवले तरी चालतें. नव्वद दिवसांच्या हजेरीऐवजीं त्याला वर्षांतून एकदांच पत्ता कळवावा लागतो. दुसऱ्या दारीं उभ्या असलेल्या मध्यम स्थितींतील पेन्शनराकडून मात्र याच्या दुप्पट विमा मागितला जात होता.

शेवटीं मे २०२४ मध्यें मंत्रिमंडळानेंच 'ओ-ए' परवान्यासाठीं विम्याचा आंकडा पुन्हा जुन्या चार लक्ष व चाळीस हजारांवर आणण्यास संमती दिली. पांच वर्षांत आंकडा चढला आणि उतरविण्याचें ठरलें. तेवढ्या काळांत सत्तरीचा माणूस पंच्याहत्तरीचा झाला होता, आणि विमा-कंपनीच्या दृष्टीनें या दोन वयांत फार अंतर आहे. त्या परवान्याच्या अर्जाबरोबर कुष्ठरोग, क्षय, हत्तीरोग, मादक द्रव्यांचें व्यसन आणि तिसऱ्या अवस्थेंतील उपदंश नसल्याचा डॉक्टरी दाखला जोडावा लागतो. १९२७ च्या कलमाचा तो वंशज. वर्षाच्या मुदतवाढीची फी १,९०० बाट आहे, आणि या सगळ्या घालमेलींत तेवढीच काय ती बदलली नाहीं.