भिजलेल्या पुस्तकांचे दोन दिवस

रेडिओवर बोलण्याची एक अडचण असते. माझ्या हातात या क्षणी एक वही आहे आणि ती तुम्हाला दिसत नाही. शंभर पानी, शाळेत वापरतात तसली. कडेने फुगलेली, मध्ये वीट झाल्यासारखी घट्ट. उघडायला गेलं तर पानं सुटत नाहीत, तुकडे निघतात. वास घेतला तर अजून वाशिष्ठीचा गाळ. ही वही अशी का झाली आणि ती तशी व्हायला नको होती हे मला किती उशिरा कळलं, ते आज सांगायचं आहे.

२०२१ सालच्या जुलैमध्ये आषाढी एकादशी मंगळवारी होती, बकरी ईद बुधवारी आणि आमच्या चिपळूणचा पूर गुरुवारी. मला ते तीन दिवस असे ओळीनेच आठवतात. ईदचं जेवण आटोपून झोपलो तेव्हा पाऊस पडत होता. पण कोकणातल्या माणसाला जुलैतल्या पावसाचं काय कौतुक! पहाटे शेजारच्यांनी दारावर थापा मारल्या. उठून पाय खाली ठेवला तो पाण्यातच.

चिपळूणला पूर नवा नाही. वाशिष्ठी सह्याद्रीतून निघते आणि थोडक्यात दाभोळच्या खाडीला मिळते. चढ मोठा, वाट लहान. वरून डोंगराचं पाणी आणि खालून भरतीचं पाणी अशा दोन दारांच्या मध्ये आमचं गाव बसलेलं. त्यात पौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे उधाण. कोयनेचं वीज तयार करून उरलेलं पाणी कोळकेवाडीमार्गे याच नदीत येतं. नदीच्या पोटात गाळ तर किती साठला होता! त्यात दोष कोणाचा किती, हा वाद चिपळूणच्या चहाच्या टपरीवर आजही संपलेला नाही, मी तो इथे सुरू करत नाही. घाटमाथ्यावर महाबळेश्वरला त्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, एवढं सांगितलं तरी पुरे.

माझी चूक मात्र मला ठाऊक आहे. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मी घराच्या भिंतीवर पाणी जिथवर आलं तिथे एक रेघ मारली होती. पुस्तकांचं कपाट त्या रेघेच्या वर, भिंतीत ठोकून घेतलं. पाहुण्यांना मी ती रेघ कौतुकाने दाखवायचो. सोळा वर्षांनी पाणी त्या रेघेच्या वर दोन वीत चढलं. मागचा पूर हाच शेवटचा शब्द, असं मी धरून चाललो होतो. इतिहासाची आवड असलेला माणूस अशीच चूक करतो.

माळ्यावर काय नेलं? तांदूळ, रेशनकार्डाची पिशवी, औषधं, गॅसची टाकी, आणि कुराणशरीफ. बाकीच्या पुस्तकांकडे वळलो तेव्हा पाणी छातीला लागलं होतं. बायको माळ्यावरून ओरडली, “पुस्तकं पिऊन तहान भागणार आहे का? वर या आधी!” ती बरोबरच होती. पुढचे दोन दिवस आम्ही पागोळीचं पाणी पातेल्यात धरून प्यायलो.

२३ तारखेला पाणी उतरलं. कपाट उघडेना. भिजलेली पुस्तकं इतकी फुगतात की ओळीतली ओळ आवळून बसते. माझ्या कपाटाची एक फळीच बाजूने उखडली होती. मी जे केलं ते तुम्हीही कदाचित केलं असतं. ओढून ओढून पुस्तकं काढली, त्यात पुठ्ठे हातात आले. चिखल पुसायला पानं उघडली, तर चिखल आतपर्यंत सारवला गेला. गुळगुळीत कागदाचे दिवाळी अंक वाळले तसे त्यांचे दगड झाले, कारण त्या कागदावरचा लेप पाण्याने विरघळतो आणि वाळताना पानाला पान चिकटवतो. तिसऱ्या दिवशी काळी-हिरवी बुरशी दिसू लागली तेव्हा घाबरून उरलेली पुस्तकं चुलीजवळ रचली. ही वही गॅसच्या शेगडीवर उलटी धरली होती, मी स्वतः, पापड भाजावा तशी. म्हणून ती वीट.

बाहेर रस्त्यावर गाद्या, फ्रीज, धान्याची पोती यांच्या ढिगात पुस्तकंही पडत होती. त्यात एक वेगळाच पेच आला. आमच्यात जीर्ण झालेली कुराणाची पानं पायदळी जाऊ नयेत म्हणून स्वच्छ कापडात गुंडाळून पुरतात, किंवा वाहत्या पाण्यात सोडतात. शेजारच्या गुरुजींच्या घरी पोथ्या होत्या. त्यांच्याकडेही जीर्ण पोथी नदीत विसर्जन करायची रीत. मोहल्ल्यातल्या चिखलाळलेल्या प्रती आणि त्यांच्या पोथ्या आम्ही एकाच गच्चीवर, वेगवेगळ्या चादरींवर ठेवल्या होत्या. गुरुजी म्हणाले, “नदीनंच घरात येऊन बुडवलेलं पुन्हा नदीतच काय सोडायचं?” शेवटी आम्ही उंचावरची जागा बघून पुरलं. त्यांनी त्यांच्या पोथ्या ठेवूनच घेतल्या, फुगलेल्या, वाचता न येणाऱ्या. अजून आहेत.

पुढे पुस्तकांच्या या दुखण्याविषयी मिळेल ते वाचू लागलो आणि इटलीतल्या फ्लॉरेन्सपाशी पोहोचलो. ४ नोव्हेंबर १९६६. सुट्टीचा दिवस, दुकानं बंद, आणि पहाटे आर्नो नदी गावात. काही भागांत पाणी वीस फुटांच्या वर गेलं. थंडीसाठी घरोघरी तळघरात भरलेलं जळणाचं तेल त्या पाण्यात मिसळलं, त्यामुळे चिखलही तेलकट. तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या तळमजल्यावर आणि तळघरात सुमारे तेरा लाख ग्रंथ, वृत्तपत्रं, कागद भिजले. यहुद्यांच्या प्रार्थनागृहात तोराच्या नव्वदेक गुंडाळ्या पाण्याखाली गेल्या. हे वाचताना मला आमची गच्ची आठवली.

तिथे झालं काय, की गावोगावची, देशोदेशीची कॉलेजातली मुलं आली. माणसांची साखळी करून तळघरातून एकेक ओलं पुस्तक हातोहात वर काढू लागली. लोक त्यांना ‘चिखलातले देवदूत’ म्हणू लागले. आम्ही लहानपणी ऐकलेल्या फरिश्त्यांना पंख असायचे. या फरिश्त्यांच्या पायात गमबूट. पुस्तकं वाळवण्यासाठी तंबाखूची पानं वाळवायच्या भट्ट्या वापरल्या गेल्या. म्हणजे त्यांनाही उष्णताच सुचली! त्या वेळी त्याहून बरं कोणालाच ठाऊक नव्हतं. मग पीटर वॉटर्स नावाचा एक इंग्रज पुस्तकबांधणीकार आणि त्याचे सहकारी आले. पुस्तक सोडवायचं, पानं धुवायची, वाळवायची, पुन्हा बांधायचं, असा मोठा कारखानाच त्यांनी ग्रंथालयात उभा केला. हा माणूस पुढे वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात गेला. भिजलेल्या पुस्तकाला कसं हाताळावं याचं आजचं बरंचसं शास्त्र फ्लॉरेन्सच्या त्या चिखलातून आलं. आणि तिथलं काम पन्नास वर्षांनंतरही पुरतं संपलेलं नव्हतं.

त्या शास्त्राचा सांगण्यासारखा भाग अगदी लहान आहे. ओलं पुस्तक उघडू नका. पुसू नका. शेकू नका. बुरशी धरायला साधारण दोन दिवस लागतात, आमच्या हवेत त्याहून कमीच. तेवढ्या वेळात जी पुस्तकं वाऱ्यावर वाळणार नाहीत, ती गोठवा. बर्फ झालेल्या पुस्तकाला बुरशी लागत नाही आणि शाईही आणखी पसरत नाही. गोठवल्याने पुस्तक बरं होत नाही. पण ते थांबतं, महिना, वर्ष, हवं तितकं. मग सवडीने यंत्रात हवा काढून घेतली की बर्फाचं पाणी न होता थेट वाफ होते आणि पान कोरडं निघतं.

२००२ च्या ऑगस्टमध्ये व्हल्टावा नदी चढून प्राग शहर बुडालं तेव्हा तिथल्या ग्रंथपालांनी हेच केलं. भिजलेली पुस्तकं आणि दप्तरं ट्रकात घालून जवळच्या मोखोव गावातल्या शीतगृहात नेली. ते शीतगृह कसलं, तर गोठवलेल्या भाजीपाल्याचं. त्याआधी १९८८ मध्ये लेनिनग्राडच्या विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयाला आग लागली होती. आगीत जळाली त्याहून कितीतरी अधिक पुस्तकं बंबांच्या पाण्याने भिजली. तेव्हा शहरातल्या लोकांनी ओली पुस्तकं आपापल्या घरी नेली, दोऱ्यांवर वाळवली आणि परत आणून दिली. हे वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो.

कारण मला आमचं कोकण दिसत होतं. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर जा, बर्फाचे कारखाने आणि मासळी गोठवायची शीतगृहं आहेत. शिवाय १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. म्हणजे पूर यायचा त्याच महिन्यात मासळीची आवक नाही! भाजीपाल्याच्या शीतगृहात प्रागची पुस्तकं राहू शकतात, तर बांगड्याच्या शीतगृहात चिपळूणची का नाही? मला कबूल आहे, त्या दिवशी हे कठीणच होतं. वीज नव्हती, फोन लागत नव्हते, बहादूरशेख नाक्याजवळ वाशिष्ठीवरच्या जुन्या पुलाचा भाग खचला होता. तिकडे महाडजवळ तळियेत अख्खी वाडी दरडीखाली गेली होती. अशा वेळी ट्रक पुस्तकांना द्या म्हणणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं. पण हे आधीपासून कोणाच्या कागदावर लिहिलेलं असतं, तर चौथ्या-पाचव्या दिवशी एक रिकामा परतणारा टेम्पो नक्की मिळाला असता.

आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. त्या वर्षी टिळक स्वतः आठ वर्षांचे होते, म्हणजे ग्रंथालय आधीचं आणि नाव नंतरचं. २०१३ च्या जानेवारीत ८६ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच संस्थेच्या यजमानपदाखाली चिपळूणला झालं, नागनाथ कोत्तापल्ले अध्यक्ष होते. हे ग्रंथालय २००५ मध्ये बुडालं आणि २०२१ मध्ये पुन्हा बुडालं. पाणी उतरलं ती २३ जुलै, लोकमान्यांची जयंती. पुढे बाहेरगावच्या वाचकांनी पुस्तकं पाठवली, ग्रंथालय पुन्हा उभं राहिलं, आणि त्याबद्दल चिपळूणकर ऋणी आहेत. पण भेट म्हणून येतं ते छापलेलं, बाजारात असलेलं. कुठल्याही दीडशे वर्षांच्या ग्रंथालयात जे दुसरीकडे नसतं ते येत नाही: गावच्या नाट्यमंडळाची स्मरणिका, बंद पडलेल्या साप्ताहिकाची फाईल, कोणी कधी काय वाचायला नेलं याची जाड नोंदवही. माझंच बघा. हमीद दलवाईंच्या ‘इंधन’ची प्रत गेली, त्यांचं मिरजोळी गाव आमच्या शेजारचंच, ती कादंबरी मला परत विकत मिळाली. ही वही कुठे विकत मिळणार?

पंचनामा करायला एक तरुण आला होता, बिचारा स्वतः चार दिवस झोपला नसावा. मदत ठरली होती कपड्यांसाठी पाच हजार आणि भांड्यांसाठी पाच हजार. मी म्हटलं, पुस्तकं लिही. तो कागद उलटसुलट करून म्हणाला, “चाचा, कुठल्या रकान्यात लिहू?” आम्ही दोघेही हसलो. मग त्याने भांड्यांच्या खाली बारीक अक्षरात ‘व पुस्तके’ असं लिहिलं.

आता या वहीत काय होतं ते सांगतो. आमच्या कोकणी मुसलमानांच्या लग्नांत बायका हळदीच्या रात्री गाणी म्हणतात, आमच्या बोलीतली. माझ्या आईला अशी एकतीस गाणी पाठ होती. बी.ए.च्या वर्षी सुट्टीत मी तिच्यासमोर बसून ती सगळी उतरून घेतली. चांगल्या अक्षरात, मुद्दाम शाईच्या पेनने. पेनची निळी शाई पाण्याची सोबतीण. आली तशी पाण्याबरोबर गेली. माझी घाईत बॉलपेनने लिहिलेली किराण्याची यादी मात्र त्याच पुरातून जशीच्या तशी निघाली. एकतीसपैकी अकरा गाणी कशीबशी वाचता येतात. आई २००९ मध्ये गेली.

भाचा रत्नागिरीला मासळीच्या धंद्यात आहे. गेल्या पावसाळ्याआधी त्याच्याकडे शब्द टाकला की पुन्हा वेळ आली तर दोन पेट्या तुझ्याकडे पाठवीन, उणे वीसवर ठेव. “मामू, ठेवतो,” तो म्हणाला, “पण कवितांना बांगड्याचा वास येईल.” मी म्हटलं, येऊ दे.

उरलेल्या वीस गाण्यांसाठी दापोलीला आपाकडे जातो, माझी थोरली बहीण. पंचाहत्तरी ओलांडलेली. महिन्यातून एकदा तिच्यासमोर बसतो, नवी वही आणि बॉलपेन घेऊन. आतापर्यंत नऊ गाणी झाली. वाचता येणारी अकरा तिला वाचून दाखवली तर ती मध्येच थांबवते आणि म्हणते, “हे असं नव्हतंच. तू तेव्हाच चुकीचं लिहिलं होतंस.”